दोन भाषांतली वेबसाइट कशी मांडावी: मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांसाठी

आपल्याकडच्या कितीतरी वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं. ते दाबलं की मेन्यू मराठीत येतो, मजकूर मात्र इंग्रजीच राहतो. नाहीतर पहिलं पान मराठीत असतं आणि पुढच्या क्लिकला थेट इंग्रजी सुरू होतं. बटण आधी बसवलं आणि कुठल्या वाचकाला काय हवंय हे नंतर ठरवलं, की असंच होतं. म्हणून या लेखात बटण बरंच उशिरा येईल.

उदाहरणासाठी वसमत परिसरातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. सभासद शेतकरी हळद आणतात, कंपनी ती पॉलिश करून, प्रत लावून विकते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बाहेरच्या राज्यांतले खरेदीदारही चौकशी करतात. तुमची संस्था शाळा असो, वाचनालय, पैठणीचं दुकान किंवा जालन्याच्या मोसंबीची बाग असो, पायऱ्या याच.

आधी वाचक ठरवा

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे मराठी पान कोण उघडणार आणि का, उजवीकडे दुसऱ्या भाषेचं पान कोण उघडणार आणि का. आपल्या हळद कंपनीत डावीकडे सभासद येतील. त्यांना आजचा भाव हवा, माल कधी आणायचा ते हवं, पैसे कधी जमा होणार ते हवं, वार्षिक सभेची नोटीस हवी. उजवीकडे इंदूरचा किंवा चेन्नईचा मसाला कारखानदार येईल. त्याला कुरकुमिनचं (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण, ओलावा, पॅकिंग, किमान किती माल घ्यावा लागेल आणि परवान्यांचे क्रमांक हवेत.

दोन्ही रकाने भरले की लगेच लक्षात येतं की ही एकाच मजकुराची दोन रूपं नाहीत. काही पानं दोन्हीकडे लागतील, काही फक्त मराठीत, काही फक्त इंग्रजीत. सगळंच्या सगळं दोन भाषांत असलंच पाहिजे हा हट्ट सोडा. वार्षिक सभेच्या नोटिशीचं इंग्रजी भाषांतर करण्यात गेलेली संध्याकाळ भावाचं पान नीट करण्यात गेली असती तर जास्त लोकांचं भलं झालं असतं.

दुसरी भाषा इंग्रजीच असेल असंही धरून चालू नका. परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या एखाद्या संस्थेचा निम्मा वाचक उर्दूचा असू शकतो. देगलूरकडे तेलुगू, उमरगा-उदगीर पट्ट्यात कन्नड उपयोगी पडेल. दुकानात, कार्यालयात, फोनवर लोक तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतात ते आठवडाभर पाहा. उत्तर तिथेच मिळतं.

पानांची यादी

आता एक साधं स्प्रेडशीट उघडा. एका ओळीत एक पान. रकाने असे: पानाचं नाव, मराठी मजकूर तयार आहे का, दुसऱ्या भाषेत तयार आहे का, दोन्हींत शेवटचा बदल कधी झाला, आणि ते पान कोण सांभाळतं. शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव हवंच. ‘कार्यालय’ असं लिहिलेलं पान कुणीच सांभाळत नाही.

ही यादी वेबसाइट तयार झाल्यावर फेकून द्यायची नाही, ती कायम चालू ठेवायची. तिचा खरा उपयोग पुढे सांगतो.

मजकूर लिहिताना आधी मराठी लिहा असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी आधी लिहून मराठी करायला घेतलं की ‘आमच्याबद्दल अधिक जाणून घ्या’ छापाची वाक्यं येतात, जी सभासद वाचतच नाही. मराठी आधी लिहिलं तर ‘माल सोमवारी सकाळी आणा, काटा दहाला सुरू होतो’ असं सरळ वाक्य उतरतं, आणि त्याचं इंग्रजीही सरळच होतं.

पत्ता

प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक पानाला स्वतःचा वेगळा पत्ता हवा. एकाच पत्त्यावर कुकीच्या (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या खुणेच्या) आधाराने कधी मराठी, कधी इंग्रजी दाखवणारी रचना टाळा. तुम्ही मराठी पान पाहून लिंक पाठवता आणि समोरच्याला इंग्रजी दिसतं, शिवाय सर्च इंजिनला दुसरी भाषा सापडतच नाही.

वेगळे पत्ते तीन प्रकारे देता येतात: दोन वेगळी डोमेन, एकाच डोमेनची दोन उपडोमेन, किंवा एकाच डोमेनमध्ये दोन फोल्डर. छोट्या संस्थेने फोल्डरच घ्यावेत. एकच डोमेन, एकच होस्टिंग, एकच सुरक्षा प्रमाणपत्र, नूतनीकरणाची एकच तारीख. मराठीच्या फोल्डरला ‘एमआर’ आणि इंग्रजीच्या फोल्डरला ‘ईएन’ अशी रोमन लिपीतली दोन अक्षरी नावं द्या. मराठीचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत एमआर आहे. गाडीच्या नंबरावरून एमएच लिहायचा मोह होतो, पण तो संकेत मराठीचा नाही. देशांच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल बेटं.

नुसतं डोमेन टाकलं तर कोणती भाषा उघडावी? ज्या वाचकाला पर्याय कमी आहेत त्याची. हळद कंपनीसाठी माझं उत्तर मराठी.

पत्त्यात देवनागरी अक्षरं वापरावीत का हा प्रश्न नेहमी येतो. वापरता येतात. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पानाचं नावही देवनागरीत ठेवता येतं. अडचण लिंक पाठवताना होते. संगणक अक्षरं साठवतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, आणि कॉपी केलेल्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरांत उमटतो. म्हणजे ‘हळद’ या तीन अक्षरांची व्हॉट्सॲपवर २७ अक्षरं होऊ शकतात. काना-मात्रा वेगळे मोजले जात असल्याने लांब नावाची तर दोन-तीन ओळींची माळ होते आणि लोकांना ती लिंक फसवी वाटते. म्हणून पानाची नावं रोमनमध्ये, छोटी आणि ऐकून टाइप करता येतील अशी ठेवा. ‘हळद-भाव’ हे नाव रोमनमध्ये लिहिलं तरी मराठीच राहतं.

मजकूर युनिकोडमध्ये आणा

मराठवाड्यातल्या संस्थांचा सगळ्यात मोठा अडथळा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तुमची जुनी माहितीपत्रकं, पावत्या, नियमावली बहुधा गावातल्या डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपी, कृतीदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असते. पडद्यावर ती मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. मराठी दिसतं ते फक्त त्या फॉन्टमुळे. हा मजकूर जसाच्या तसा वेबसाइटवर चिकटवला की वाचकाला निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. काही जण यावर उपाय म्हणून पानाचा फोटो किंवा पीडीएफ टाकतात. फोटोतला शब्द सर्चला सापडत नाही, जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून कॉपी केलं तर पुन्हा तीच अक्षरं येतात, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला दोन्हीतलं काहीच वाचता येत नाही.

उपाय एकच: फॉन्ट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या समान पद्धतीत आणा आणि मग माणसाने तो पहिल्या ओळीपासून वाचून काढा. कन्व्हर्टर ठरलेल्या जागी अडखळतात. ऱ्हस्व वेलांटी पाहा, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार पाहा. ॲ आणि ऑ पाहा. ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र पाहा. तो युनिकोडमध्ये दोन वेगळ्या रीतींनी लिहिला जातो, दिसायला सारखाच दिसतो, पण तुमच्या वेबसाइटच्या स्वतःच्या शोधात ‘शेतकऱ्यांसाठी’ टाकल्यावर निम्मी पानं सापडतात आणि निम्मी सुटतात. एकच रीत ठरवा, आणि सगळा मजकूर एकाच कीबोर्डवरून टाइप झाला तर उत्तम. विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींत मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.

मराठी पान डोळ्याला मराठी वाटलं पाहिजे

वेबसाइटचं टेम्प्लेट बहुधा रोमन लिपीसाठी बनवलेलं असतं. त्यात देवनागरी ओतली की ओळी एकमेकींना भिडतात, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. मराठी पानांसाठी ओळींतलं अंतर वाढवा. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवलं तर वाचायला बरं पडतं. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सूचना टेम्प्लेटमध्ये असेल तर मराठीसाठी ती शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेखा तुटते. तिरपी अक्षरंही देवनागरीत वाईट दिसतात. जोर द्यायचा तर ठळक करा.

फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी, मुक्त, बालू असे चांगले मोफत पर्याय आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून एकच फॉन्ट, साधा आणि ठळक अशा दोनच वजनांत घ्या. शिवारातून मोबाइलवर पान उघडणाऱ्याला आधी मजकूर दिसावा, फॉन्ट मागाहून आला तरी चालेल. तशी सूचना सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये देता येते.

एक गोष्ट मात्र न विसरता करा. प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) सगळ्यात वर ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. मराठी पानावर तो एमआर आणि इंग्रजी पानावर ईएन हवा. टेम्प्लेटमध्ये तो सगळीकडे इंग्रजीच राहून जातो. त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला बघतो आणि त्याचा अर्थ लागत नाही. शिवाय मराठीतला श आणि ल हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो ‘लँग’ पाहूनच मराठी वळण दाखवतो.

आकडे आणि तारखा

मराठी पानावर भाव देवनागरी आकड्यांत द्यावा, तो घरचा वाटतो. जावास्क्रिप्टमध्ये भाषा-प्रदेश म्हणून एमआर-आयएन दिलं की १,२३,४५६ असे देवनागरी आकडे लाखाच्या स्वल्पविरामासकट आपोआप येतात. पण फोन नंबर, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआय आयडी दोन्ही भाषांत इंग्रजी आकड्यांतच (1, 2, 3) ठेवा. लोक ते कॉपी करून दुसऱ्या ॲपमध्ये टाकतात. दाबल्यावर फोन लागणाऱ्या लिंकमध्ये तर इंग्रजी आकडेच हवेत.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ‘०३/०४’ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण परदेशी खरेदीदाराला ४ मार्चही वाटू शकतो.

भावाचा तक्ता दोनदा टाइप करू नका. कांडी आणि गोळा या हळदीच्या दोन प्रकारांचे क्विंटलचे दर एकाच शीटमध्ये भरा आणि दोन्ही भाषांतली पानं तिथूनच आकडे उचलतील अशी सोय करून घ्या. मराठी पानावर ओळीचं नाव ‘कांडी’ दिसेल, इंग्रजी पानावर ‘फिंगर’, आकडा मात्र एकच. मोंढ्यात सकाळी बीट (लिलाव) झाल्यावर मराठी पानावर नवा भाव आणि इंग्रजी पानावर कालचा असं एकदा जरी झालं, तरी खरेदीदार फोनवर पहिला वाद त्यावरूनच घालतो.

आता बटण

बटणावर भाषेचं नाव त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहा. इंग्रजी पानावर देवनागरीत ‘मराठी’, मराठी पानावर रोमनमध्ये इंग्रजीचं नाव. झेंडे लावू नका. झेंडा देशाचा असतो, आणि मराठीसाठी कोणता लावणार? मोबाइलवर हे बटण तीन रेघांच्या मेन्यूत लपवू नका, वरच्या पट्टीत उघडं ठेवा.

बटण दाबल्यावर वाचक त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या जोडीदार पानावर गेला पाहिजे. भावाच्या पानावरून भाषा बदलली आणि मुखपृष्ठावर फेकला गेला, तर तो पुन्हा शोधत बसत नाही. जोडीदार पान नसेलच तर बटण काढून टाका किंवा ‘हे पान सध्या फक्त मराठीत आहे’ अशी ओळ त्या वाचकाच्या भाषेत द्या.

वाचक कुठून आला किंवा त्याच्या फोनची भाषा काय आहे हे पाहून त्याला आपोआप दुसऱ्या भाषेकडे ढकलू नका. गावाकडेही कित्येकांचा फोन इंग्रजीत लावलेला असतो आणि माणूस वाचतो मराठी. गूगलचा पानं गोळा करणारा बॉटही बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. त्याला दरवेळी इंग्रजीकडे वळवलं तर मराठी पानं त्याच्या नजरेला पडणारच नाहीत.

सर्चला जोडी कळवा

मराठी भाव-पान आणि इंग्रजी भाव-पान ही जोडी आहे हे सर्च इंजिनला सांगणाऱ्या खुणेला ‘एचरेफलँग’ म्हणतात. तिचे नियम थोडे आहेत, पण कडक. दोन्ही पानांनी एकमेकांचा उल्लेख करायचा. एकानेच केला तर गूगल ती खूण धरत नाही. प्रत्येक पानाने स्वतःचाही उल्लेख करायचा. पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण द्यायचा. ज्या वाचकाची भाषा या दोन्हींत बसत नाही त्याच्यासाठी ‘एक्स-डिफॉल्ट’ नावाची आणखी एक ओळ देता येते.

त्याच्या शेजारीच ‘कॅनॉनिकल’ नावाची दुसरी खूण असते. ती प्रत्येक भाषेच्या पानावर त्या पानाकडेच वळलेली हवी. इंग्रजी पानाची कॅनॉनिकल खूण मराठी पानाकडे वळली तर इंग्रजी पान शोधातून गायब होऊ शकतं.

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर पॉलीलँग किंवा डब्ल्यूपीएमएल ही प्लगइन (वरून जोडायचे भाग) एचरेफलँगचं काम स्वतः करतात. वर्डप्रेसमध्ये मुळात दोन भाषांची सोय नसते, त्यामुळे असं काहीतरी बसवावंच लागतं. छोट्या संस्थेला पॉलीलँगची मोफत आवृत्ती पुरते. ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आतच असते.

शीर्षक आणि शोधात दिसणारं दोन ओळींचं वर्णनही दोन्ही भाषांत स्वतंत्र लिहा. गावांच्या नावांकडे इथे विशेष लक्ष द्या. वसमत, अंबाजोगाई, परळी यांची रोमन स्पेलिंग लोक वेगवेगळी करतात. एक पक्कं ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, पण बाहेरचा खरेदीदार अजून औरंगाबाद, उस्मानाबाद टाकूनच शोधतो. म्हणून इंग्रजी पानावर पत्त्याजवळ जुनं नाव एकदा द्यावं.

भाषांतर

यंत्राकडून पहिला खर्डा करून घ्यायला हरकत नाही. तो तसाच टाकू मात्र नका. यंत्र माणसांच्या आणि गावांच्या नावांचा कधी शब्दशः अर्थ लावतं, आणि शेतीतले शब्द हमखास चुकवतं. आधी वीस-तीस शब्दांची यादी करा: कांडी, गोळा, पॉलिश, ओलावा, आडत, काटा, कट्टा, मोंढा. प्रत्येकासमोर इंग्रजीत काय लिहायचं ते एकदा ठरवा. भाषांतर कुणीही केलं तरी शब्द तेच राहतील.

पानावर बसवायचं तयार भाषांतर-विजेट बहुधा वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालतं. तुमच्या वेबसाइटवर त्यातून कोणतंही नवीन पान तयार होत नाही, त्यामुळे सर्चलाही काही मिळत नाही. त्याच्या भरवशावर दुसरी भाषा सोडू नका.

फॉर्मकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मराठी फॉर्ममध्ये मोबाइल नंबर चुकला की लाल अक्षरांत इंग्रजी सूचना येते आणि सभासद तिथेच थांबतो. चुकीच्या सूचना, ‘अर्ज मिळाला’ हा संदेश, पाठोपाठ जाणारा एसएमएस, सगळं त्याच भाषेत हवं. नावाचा रकाना देवनागरी आणि रोमन दोन्ही स्वीकारतो का तेही पाहा.

दुसरी भाषा उर्दू असेल तर

उर्दूचा संकेत यूआर. पान उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, म्हणून ‘डिर’ हा गुणधर्म ‘आरटीएल’ करावा लागतो आणि मेन्यू, बाण, यादीचे ठिपके सगळं पलटतं. सीएसएसमध्ये ‘डावं-उजवं’ ऐवजी ‘सुरुवात-शेवट’ अशी अंतरं दिलेली असतील तर हे काम आपोआप होतं. टेम्प्लेट बनवणाऱ्याला हे पहिल्या दिवशीच सांगा, मागाहून सगळं उसवावं लागतं. उर्दूच्या नस्तालीक वळणाच्या फॉन्टला देवनागरीपेक्षाही जास्त उंची लागते. फोन नंबर आणि रोमन शब्द डावीकडूनच चालू राहतात, ते उलटेसुलटे होत नाहीत ना हे उर्दू वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

सांभाळायचं कसं

आता ती स्प्रेडशीट पुन्हा उघडा. मराठी पान बदललं की त्याच ओळीत दुसऱ्या भाषेच्या रकान्यात ‘जुनं’ असं लिहायचं. जोडीदार पान दुरुस्त झालं की ते खोडायचं. एवढ्या एका सवयीवर दोन भाषांची वेबसाइट टिकते.

सगळ्या बदलांची घाई सारखी नसते. भाव, तारखा, फोन नंबर, बँकेचे तपशील हे दोन्ही भाषांत एकाच वेळी बदलले पाहिजेत. एक बदलायला वेळ लागणार असेल तर दुसरंही थांबवा. मालाची माहिती, परवाने आठवडाभरात झाले तरी चालतात. कार्यक्रमाच्या बातम्या एकाच भाषेत राहिल्या तरी कुणाचं नुकसान नाही. हळदीच्या हंगामात, शिजवणी-वाळवणी चालू असताना, कार्यालयात कुणालाच वेळ नसतो. तेव्हा फक्त पहिला गट सांभाळायचा असं आधीच ठरवून ठेवा.

वेबसाइट खुली करण्याआधी दोन माणसांना बोलवा. एक सभासद, ज्याने ती आधी पाहिलेली नाही. त्याच्या स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, त्याला आजचा गोळ्याचा भाव शोधायला सांगा आणि आपण गप्प बसा. दुसरा, मराठी न येणारा कुणीतरी. त्याला सर्चमधून आलेल्या मराठी पानावर सोडा आणि तिथून इंग्रजी चौकशी-फॉर्मपर्यंत पोहोचायला सांगा. ते जिथे अडतील ती पानं यादीत लिहून घ्या, दुरुस्त करा, आणि मग डोमेनचा पत्ता पावतीवर आणि मालाच्या कट्ट्यावर (पोत्यावर) छापायला द्या.